शेवटचं प्रकरण उरलेला माणूस

नानांकडे कुणी कितीही मोठी बातमी घेऊन आलं, तरी ते पूर्ण ऐकून घ्यायचे, एकदा घड्याळाकडे बघायचे आणि म्हणायचे, "नोंद झाली."

शेजारच्या घरात जुळी झाली, नोंद झाली. गल्लीतला म्हातारा शिंपी गेला, नोंद झाली. एकदा कॉलेजातून येताना मला रिक्षाने उडवलं. गुडघा फोडून, रडत मी फाटकातून आत आले. अक्का हळदीचा डबा घेऊन धावल्या आणि नाना ओट्यावर उभे राहून मनगटावरचं घड्याळ बघत होते. मला त्या दिवशी त्यांचा फार राग आला होता. नंतर कळलं, हा माणूस स्वतःच्या बाबतीतही असाच आहे. विंचू चावला तेव्हाही आधी वेळ पाहिली, मग सपाता शोधल्या, मग अक्कांना हाक मारली.

धुळ्यात देवपूर भागात, पांझरेपासून दहा मिनिटांवर त्यांचं घर होतं. मी मूळची जळगावची. बी.एस्सी.च्या शेवटच्या दोन वर्षांसाठी त्यांच्या वरच्या खोलीत आम्ही तिघी मुली राहायचो. खाली नाना आणि त्यांची थोरली बहीण, अक्का. अक्का तरुणपणी विधवा होऊन माहेरी परतल्या होत्या, आणि नानांनी लग्न केलं नव्हतं. पाटबंधारे खात्यात त्यांनी उभी हयात नदीच्या पाण्याची पातळी मोजण्यात घालवली. पुलाच्या खांबावर आकडे रंगवलेली पट्टी असते, ती वाचायची आणि वहीत लिहायचं. निवृत्त झाल्यावरही त्यांनी ते सोडलं नाही. रोज सकाळी साडेआठला गच्चीवरच्या पांढऱ्या लाकडी पेटीतला तापमापक वाचायचा, मग नदीवर जाऊन यायचं. पांझरा वर्षातले कितीतरी महिने कोरडीठाक. तरी वहीत रोज ओळ असायची : "पाणी शून्य. वाळू."

"पाणीच नाही तर लिहिता कशाला, नाना?" मी एकदा विचारलं.

"शून्यसुद्धा कुणीतरी पाहावं लागतं," ते म्हणाले. "न पाहिलेलं शून्य वेगळं."

बोलणं असं. अक्का अस्सल अहिराणीत बोलायच्या आणि नाना सरकारी अहवालासारखं. अरे-तुरे त्यांनी कुणालाच केलं नाही. अंगणात शिरलेल्या शेळीलाही ते "आपण बाहेर व्हा" म्हणायचे. "मला वाटतं" हे शब्द त्यांच्या तोंडून दोन वर्षांत मी एकदाही ऐकले नाहीत. आणि बोलताना ते तुमच्याकडे टक लावून बघायचे. पापणी फार उशिरा हलायची. माझी एक मैत्रीण त्या नजरेला घाबरून पहिल्याच सत्रानंतर वसतिगृहात निघून गेली.

ते पुस्तक त्यांनी मला दिलं ते दुसऱ्या वर्षाच्या उन्हाळ्यात. कादंबरीचं नाव इथे लिहीत नाही. ज्यांनी वाचली आहे, त्यांना दोन वाक्यांत कळेलच. पन्नासेक वर्षांपूर्वी जळगावच्या एका कारकुनाने लिहिलेली ही विज्ञान कादंबरी. त्यांनी दुसरं काही लिहिलं नाही. गोष्ट अशी : खूप दूरच्या कुठल्या तरी जगाने पृथ्वीवर एक निरीक्षक पाठवलेला असतो, नदीकाठच्या एका लहान शहरात. तो माणसासारखा वाढतो, नोकरी करतो. आपल्याला पाठवलं आहे हेच तो विसरलेला असतो. पण तो जे जे बघतो, ते तिकडे पोचत असतं. कादंबरीभर त्याचं नाव येत नाही. तो फक्त 'निरीक्षक'. शेवटच्या प्रकरणात त्याने पाहिलेलं सगळं तिकडे एकदम सगळ्यांना दाखवलं जातं, आणि त्याच दिवशी भर दुपारी बारा वाजता तो घरातून निघतो, कोरड्या नदीत उतरतो, वाळूतून चालत जातो. पात्राच्या मध्यावर त्याच्या पावलांचे ठसे संपतात. कादंबरीही तिथेच संपते. "नोंद दाखवली गेली, की नोंदणाऱ्याचं काम संपलं," हे त्यातलं वाक्य तिच्या चाहत्यांना मंत्रासारखं पाठ असतं.

नानांच्या प्रतीत परिच्छेदांच्या बाजूला पेन्सिलने बारीक अक्षरात तारखा होत्या. मला वाटलं, वाचल्याच्या तारखा असतील. पण एका परिच्छेदाशी एकच तारीख, आणि दोन तारखांमध्ये कधी सहा वर्षं, कधी अकरा. निरीक्षकाच्या डाव्या पोटरीला कुत्रा चावतो, तिथे एक तारीख. सुरुंगाच्या स्फोटाने त्याचा डावा कान जातो, तिथे एक.

मी पुस्तक घेऊन खाली आले. नाना नेहमीप्रमाणे उजवा कान माझ्याकडे करून ऐकत होते. आणि तेव्हा माझ्या डोक्यात काहीतरी लख्ख झालं.

"तुमचा डावा कान..."

"कालव्याच्या कामावर. सुरुंग." त्यांनी पुस्तक माझ्या हातून घेतलं. "कादंबरी मी अकरावीत वाचली. कान त्यानंतर नऊ वर्षांनी गेला."

मी विज्ञानाची विद्यार्थिनी. मी मनाशी ठरवलं, हा माणूस पुस्तकाच्या नादाने पुस्तकासारखा जगला. नोकरीही तशीच शोधली. राहता राहिला सुरुंग, तो योगायोग. हे मी अक्कांना बोलून दाखवलं. त्या ओट्यावर बसून दादर ज्वारी निवडत होत्या. त्यांनी सूप बाजूला ठेवलं.

"त्यानं लगीन मोडनं, ते तुले म्हाईत शे का?" त्या म्हणाल्या. शिरपूरकडची मुलगी होती. सगळं ठरलं होतं. साखरपुड्याच्या सकाळी मुलीने सगळ्यांसमोर नाही म्हटलं. "काय बोलनी ती? म्हने, हाई मानूस मनाकडे देखस, पन दुसरा कोनकर्ता तरी देखस."

हे वाक्य मी आदल्याच दिवशी वाचलं होतं. कादंबरीत निरीक्षकाला नकार देणारी मुलगी म्हणते, "तुम्ही माझ्याकडे बघता, पण दुसऱ्या कुणासाठी तरी बघता."

"तिनी काय ते पुस्तक वाचेल व्हतं का?" अक्का म्हणाल्या. "ती तर शायमा पयलीले बी जायेल नव्हती. वं पोरी, त्या पुस्तकनी मना भाऊले खाई टाकं."

मी पुण्याला गेले, मालिका लिहू लागले. सासू-सुनांच्या, पोलिसांच्या, देवांच्या. दिवाळीला जळगावला आले की एखाद्या दिवशी धुळ्याला चक्कर व्हायची. नंतर तीही थांबली. पुस्तक मात्र आमच्याकडच्या मुलांमध्ये अधूनमधून पेट घ्यायचं. कुणी त्यावर व्हिडिओ केले, कुणी गट काढले. निरीक्षकाच्या सदऱ्याच्या बाह्या अर्ध्या की पूर्ण, यावर लोक महिनोन् महिने भांडायचे. लेखकाने शहराचं नाव लिहिलेलं नाही, तरी ते धुळंच, असं त्यांनी ठरवून टाकलं होतं. सुट्टीत नाशिक-पुण्याहून घोळके यायचे आणि पांझरेच्या पुलावर फोटो काढायचे.

एकदा अशा घोळक्यात नाना सापडले. हे त्यांनीच मला सांगितलं, पातळी सांगावी तशा आवाजात. सकाळची नोंद घ्यायला ते पुलावर उभे होते. काळे टी-शर्ट घातलेली सहा-सात मुलं आली. टी-शर्टवर वाळूतली पावलं आणि ते वाक्य. एकजण नानांना म्हणाला, "काका, जरा बाजूला व्हा ना. निरीक्षकाची जागा आहे ही, फोटोत तुम्ही येताय."

"मग?" मी विचारलं.

"मग मी बाजूला झालो," नाना म्हणाले.

कादंबरीवर मालिका करायची असं एका कंपनीने ठरवलं आणि खानदेशातली म्हणून लेखनासाठी मला बोलावलं. बातमी फुटताच चाहत्यांचे निरोप सुरू झाले. एक शब्द बदलाल तर याद राखा. शेवट बदलाल तर माफी नाही. काहींनी प्रेमाने लिहिलं होतं, काहींनी दम दिला होता. त्या पावलांच्या दृश्यासाठी लोक पन्नास वर्षं थांबले होते. मलाही ते दृश्य हवंच होतं. मी नानांना फोन केला.

त्यांनी बातमी पूर्ण ऐकून घेतली. मग ते म्हणाले, "म्हणजे दाखवणार."

"हो नाना! सगळीकडे दिसेल. जगभर."

"कधी?"

"पुढच्या मे महिन्यात."

"बरं," ते म्हणाले. "वेळ पुरेल."

कशाला पुरेल, ते मी विचारलं नाही. हे माझं चुकलं.

लिखाणाआधी शहर पुन्हा बघावं म्हणून मी धुळ्याला गेले. अक्का जाऊन दोन वर्षं झाली होती. मला कुणी कळवलं नव्हतं. घर स्वच्छ होतं आणि रिकामं. भांडी शेजारी दिलेली. गच्चीवरची पांढरी पेटी जवळच्या शाळेला दिलेली. चाळीस-पन्नास वर्षांच्या वह्या कापडात बांधून भिंतीशी रचलेल्या.

"अक्का कशा गेल्या?"

त्यांनी पुस्तक पुढे केलं. शेवटून दुसऱ्या प्रकरणात निरीक्षकाच्या घरातली म्हातारी बाई उंबऱ्यात बसून धान्य निवडता निवडता गप्प होते. तिचा हात सुपातच राहतो. त्या परिच्छेदाशी पेन्सिलने तारीख होती.

"हात सुपातच होता?" मी विचारलं.

"उजवा," नाना म्हणाले.

मी पानं उलटली. शेवटच्या प्रकरणाच्या कडा कोऱ्या होत्या. आता मला सगळं कळलं. भांडी का दिली, पेटी का दिली, वेळ कशाला पुरणार होता. मालिकेचा शेवटचा भाग ज्या दिवशी दिसेल, त्या दिवशी दुपारी बारा वाजता हा माणूस नदीत उतरणार होता. पुढे काय होणार होतं, मला माहीत नव्हतं. त्यांनाही नव्हतं. पण परत यायची कसलीच सोय त्यांनी ठेवली नव्हती. उद्याचे तांदूळसुद्धा घरात नव्हते.

"शेवट बदलणार नाही ना?" त्यांनी विचारलं.

"चाहते बदलू देणार नाहीत."

"मग ठीक."

त्यांना बरं वाटावं म्हणून मी निरीक्षकाचं काम करणाऱ्या नटाचा फोटो दाखवला. त्यांनी तो बराच वेळ पाहिला. "हे फार वेळा डोळे मिटत असतील," एवढंच म्हणाले.

लेखक हयात नव्हते. त्यांची मुलगी जळगावात राहायची, निवृत्त शिक्षिका. शेवट बदलायचा तर करारानुसार त्यांची परवानगी लागणार होती. मी त्यांच्या बैठकीच्या खोलीत बसून सगळं सांगितलं. बाईंना हे खुळ्यासारखं वाटणार, अशी माझी खात्री होती. त्या उठून दार लावून आल्या.

"धुळ्याहून एक मुलगा आला होता आमच्याकडे," त्या म्हणाल्या. "मी तेव्हा शाळेत होते. बाबा कधी धुळ्याला गेलेलेसुद्धा नव्हते, आणि हा मुलगा म्हणत होता, तुम्ही मला कुठे पाहिलंत? बाबा हसले. मग त्याने पायजमा वर करून पोटरी दाखवली. दातांच्या खुणा ताज्या होत्या. आणि विचारलं, शेवटच्या पानानंतर माझं काय होतं? बाबा म्हणाले, अरे बाबा, पुढचं मला माहीत नाही, मी तिथे थकलो आणि थांबलो." त्यांनी चष्मा पुसला. "त्यानंतर बाबांनी एक ओळ लिहिली नाही. लोक म्हणायचे, प्रतिभा आटली. आटली नव्हती. ते घाबरले होते."

त्यांनी तिथेच कागदावर सही केली.

दिग्दर्शक नाही म्हणेल अशी मला भीती होती. तो खूश झाला. निरीक्षक परत आला तर मालिकेचं दुसरं पर्व काढता येतं, हे त्याच्या लगेच लक्षात आलं. मी शेवट असा लिहिला : निरीक्षक पात्राच्या मध्यावर पोचतो, थांबतो, मागे वळतो आणि आपल्याच पावलांवर पाय ठेवत घरी येतो.

शेवटचा भाग मे महिन्यात, सकाळी अकरा वाजता सगळीकडे एकदम दिसणार होता. नानांना हा बदल आधीच कळवलेला बरा, असं सारखं वाटत होतं, पण माझं धाडस झालं नाही. सकाळीच मी धुळ्याला पोचले. नाना इस्त्रीचा अर्ध्या बाह्यांचा सदरा घालून बसले होते. मी लॅपटॉप स्टुलावर ठेवला. बाहेर ऊन असं पेटलं होतं, की गल्लीत चिटपाखरू नव्हतं. आमच्याकडे जुनी माणसं भर बाराच्या वेळेला कुणाला एकट्याने बाहेर पडू देत नाहीत.

आम्ही शेजारी बसून भाग पाहिला. पडद्यावरचा निरीक्षक वाळूत उतरला, तेव्हा माझं लक्ष सहज खाली गेलं. नानांचे पाय फरशीवर चालत होते. डावा, उजवा, डावा. टाचा न उचलता, अगदी हळू, त्या नटाच्या पावलांबरोबर. मग पडद्यावरचा माणूस मध्यावर थांबला आणि वळला. नानांचे पाय थांबले.

"हे पुस्तकात नाही," ते म्हणाले.

"नाही."

"कुणी लिहिलं?"

"मी."

"का?"

"तुम्ही जाल म्हणून, नाना."

ते उठले, चपला घातल्या आणि चालू लागले. मी मागे धावले. घाटाच्या पायऱ्यांवर त्यांनी चपला काढल्या. वाळूवर पाय ठेवता येत नव्हता इतकी ती तापली होती, पण ते घरात चालावं तसे चालत गेले. मी काठावरून हाका मारत होते. डावा कान माझ्याकडे होता.

आता जे सांगते, त्याबद्दल मी स्वतःशी खूप वाद घातला आहे. ऊन होतं, माझ्या डोळ्यांत पाणी होतं, वाळूवरून वाफा उठत होत्या. मध्यावर पोचलेल्या नानांचे आधी पाय दिसेनासे झाले, मग कमरेपर्यंतचा भाग. मग तिथे फक्त हवा थरथरत होती. किती वेळ, ते सांगता येणार नाही. मी घड्याळ पाहिलं नाही. मग त्याच जागी पुन्हा पांढरा सदरा दिसला, आणि तो माझ्याकडे येत होता.

तळवे भाजून फोड आले होते. ते पायरीवर बसले आणि लहान मुलासारखे माझ्याकडे वर बघत म्हणाले, "तुम्ही मला परत आणलंत. आता पुढचं सांगा."

बाहेर चाहत्यांनी मला फाडून खाल्लं. कादंबरीचा खून केला, विकली गेली, खानदेशाला कलंक. माझ्या आईच्या फोनवरसुद्धा शिव्या आल्या. मी एकालाही उत्तर दिलं नाही. मला दुसराच घोर लागला होता.

नाना आता काहीच लिहीत नव्हते. त्याऐवजी रोज सकाळी साडेआठला मला फोन यायचा. "आज काय आहे?" पहिल्या दिवशी मला वाटलं, हवामान विचारत आहेत. मी गमतीने म्हटलं, "आज वांग्याचं भरीत आहे." संध्याकाळी त्यांची शेजारीण फोनवर म्हणाली, नानांनी वांगी आणून भाजून द्यायला सांगितली. दुसऱ्या दिवशी मी म्हटलं, न्हाव्याकडे जा. ते गेले. मी म्हणाले झोपा, की ते झोपायचे. मी जपून बोलू लागले.

त्यातच दुसऱ्या पर्वाची मागणी सुरू झाली. शिव्या देणाऱ्यांतलेच अर्धे आता विचारत होते, परत आल्यावर पुढे काय झालं? कंपनीने पहिल्या भागाचा आराखडा मागितला. मी लिहिलं, की निरीक्षक गच्चीच्या जिन्यावरून पडतो, मनगट मोडतं, आणि त्या निमित्ताने शेजारी पहिल्यांदा त्याच्या घरात पाऊल टाकतात. सोमवारी मी तो पाठवला. गुरुवारी शेजारणीचा फोन आला. नाना गच्चीच्या जिन्यावरून पडले होते. उजवं मनगट.

आराखडा त्यांनी वाचलेला नव्हता. कंपनीतल्या दोघांखेरीज कुणीच वाचलेला नव्हता. जिन्याला कठडा नाही, वय झालेलं, माणूस पडणारच, असं घोकत मी एसटीत बसून धुळ्याला गेले. नाना प्लास्टरमधला हात मांडीवर ठेवून बसले होते. चेहऱ्यावर मी कधी न पाहिलेलं समाधान.

"मला वाटलं, तुम्ही विसरलात," ते म्हणाले.

मी तिथूनच कंपनीला नकार कळवला. पण मी सोडलं तर दुसरा कुणीतरी लिहील, हे उघड होतं. मी पुन्हा जळगावला बाईंकडे गेले. त्यांनी एका ओळीत कळवून टाकलं, की वडिलांचं पुस्तक संपलं आहे आणि दुसऱ्या पर्वाला परवानगी नाही. चाहत्यांनी पुन्हा मलाच धरलं.

नानांना मी हे सांगितलं, तेव्हा ते शांतपणे म्हणाले, "मग निदान शेवट तरी लिहा. साधा चालेल. झोपेत नको. सकाळी, चहा झाल्यावर."

"नाही लिहिणार. आणि रोज काय करायचं तेही आता सांगणार नाही. तुमचं तुम्ही ठरवा, नाना."

"मला येत नाही ते." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. पापण्या भराभर हलत होत्या. "तुम्ही सगळे रोज उठून हे कसं करता?"

मी म्हणाले, "शिका." सत्तरी ओलांडलेल्या एकट्या माणसाला मी हे म्हणाले आणि निघून आले.

फोन दुसऱ्या दिवशी साडेआठला वाजला. मी हातात धरून बसले, पण घेतला नाही. अकरा दिवस तो वाजत राहिला, रोज एकदाच. बाराव्या दिवशी वाजला नाही, आणि त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. शेजारीण सांगायची, की नाना सकाळी फाटकात येऊन उभे राहतात. एक पाय बाहेर, एक आत. तासन् तास. हाक मारली तर बघतात, पण हलत नाहीत. मग ऊन चढलं की आत जातात. मी रोज ठरवायची, आज फोन करते. आणि करायची नाही. माझ्या तोंडून काय निघून जाईल, याचा मला भरवसा राहिला नव्हता.

महिन्याभराने एका दुपारी अनोळखी नंबरावरून फोन आला. दोंडाईचा स्टेशनाजवळच्या एका हॉटेलवाल्याचा. एक म्हातारे बाबा त्याच्या बाकड्यावर बसल्या बसल्या गेले होते. दवाखान्यात नेलं, पण उपयोग नव्हता. डॉक्टर म्हणाले, हृदय. खिशात चिठ्ठीवर माझा नंबर होता.

दोंडाईचा का? तिथे त्यांचं कुणी नव्हतं. कादंबरीत ते गाव नाही. माझ्या आराखड्यात नव्हतं, माझ्या मनातसुद्धा कधी आलेलं नव्हतं. मी संध्याकाळी पोचले, सगळं उरकलं, आणि दुसऱ्या दिवशी मुद्दाम त्या हॉटेलवाल्याकडे गेले. चाळिशीचा, कढईसमोर घामाघूम झालेला माणूस. त्याने हात पुसले आणि मला तेच बाकडं दाखवलं.

"भूक लागेल व्हती बाबाले," तो म्हणाला. "भजा खादात, चहा पिना. आखो भजा मांगात. मंग येनारी-जानारी बठ्ठी गाडीस्ले देखत बठना. मी इचारं, बाबा, कथा जानं शे?"

"मग? कुठे जायचं म्हणाले?"

हॉटेलवाला आठवूनच हसायला लागला.

"म्हने, आजून काहीच ठरेल नही! आनि असा हासना, असा हासना ताई, का बाजूना लोके बी हासाले लागनात."